थेंबेमास्तरांची वही

थेंबेमास्तर थेंब सोडायला बसले की श्वास रोखून धरायचे. आपला तर धरायचेच, आम्हालाही घ्यायला मनाई. नगरच्या आमच्या दवाखान्यातली लॅब म्हणजे जिन्याखालची एक चिंचोळी खोली. तिथे कुणी शिंकलं तरी ते मान वळवून असे बघत, की शिंकणाऱ्याने माफी मागावी. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात होतं. थेंबे हे नाव आम्हा नर्सांनी ठेवलं, आणि मास्तर मी जोडलं, कारण नव्याने नोकरीला लागलेल्या मला ते हौसेने शिकवत.

एकाहत्तर-बाहत्तरचा सुमार असेल. पोटात पाणी झालेल्या बायका पार जामखेड-नेवाशाहून आमच्याकडे येत. डॉक्टर सुईने पाणी काढत आणि बाटली मास्तरांकडे जाई. काचेच्या उंच नळीत साधं पाणी, त्यात जरासं ॲसिड, आणि वरून त्या पोटातल्या पाण्याचा एक थेंब. थेंब वरच विरला तर लिव्हरचं नाहीतर हृदयाचं दुखणं. पांढरा धूर सोडत तळाला गेला तर त्यात प्रोटीन फार. मग टीबी, नाहीतर अंडाशयाची गाठ. नातेवाईक दारात ताटकळलेले असत. मास्तर त्यांना म्हणत, "थेंब बुडाला म्हंजे मानूस बुडाला असं न्हाई. डाक्टरला इचारा." आणि पाठ करून नळी धुवायला लागत.

पण एवढ्यावर त्यांचं भागत नसे. गाठीची बाई असली की ते तिच्या रक्तातलं प्रोटीनही मोजत. डॉक्टरांनी सांगितलेलं नसलं तरी. त्यातलं अल्ब्युमिन किती, ते एका लांबट वहीत तिच्या नावापुढे लिहीत, आणि तीन महिन्यांनी तिच्या घरी जोडकार्ड टाकत. एका कार्डावर तिच्या तब्येतीची चौकशी, दुसरं कोरं, उत्तरासाठी. हा खटाटोप कशाला, असं मी एकदा विचारलं.

"गाठ समद्यांची सारकीच दिसती, सिस्टर," ते म्हणाले. "पन एक बाई दोन वर्सं काढती आन दुसरी दोन म्हैन्यांत जाती. रगतात आधीच काय तरी कळत आसनार. आपल्याला ते वाचाया येत न्हाई, येवढंच."

उत्तरं बहुतेक वाईटच येत. मयताचं कार्ड कुणी घरात ठेवत नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं. मास्तर ती कार्डं फळीवरच्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवत. झाडणारी सखूबाई त्या फळीला फडकंसुद्धा लावत नसे. मी म्हटलं, "मास्तर, या डब्यापायी तुमच्याशी कुणी सोयरीक करायचं नाही." ते खळखळून हसले. "शालनची ठरली बी! नेवाशाचा पोरगा, शाळंत मास्तर हाय. मार्गशीरात लगीन."

शालन ही त्यांची एकुलती लेक. ती आणि तिची आई मिरजगावला राहत, मास्तर दर शनिवारी एसटीने घरी जात. त्या फाल्गुनात ते सोमवारी परतले ते बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, घेऊनच. दुनियेतल्या बायकांच्या पोटातलं पाणी बघणाऱ्या माणसाला घरचं पोट दिसलं नव्हतं. वहिनींनी ते नऊवारीच्या निऱ्यांत लपवलं होतं आणि कुणी विचारलंच तर वात धरलाय म्हणून सांगितलं होतं.

थेंब मास्तरांनी स्वतःच सोडला. मी शेजारी उभी होते. थेंब सरळ तळाला गेला. त्यांनी नळी धुतली, नवं पाणी घेतलं, पुन्हा सोडला. तिसऱ्यांदाही सोडला. "टीबीत बी बुडतो," ते म्हणाले. "टीबीला विंजेक्शनं हायेत." मी जोरजोरात मान डोलावली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी वहिनींचं पोट उघडलं आणि होतं तसंच शिवून टाकलं. अंडाशयाची गाठ सगळीकडे पसरली होती. मास्तरांनी रक्त तपासलं आणि वही उघडून त्या रकान्यावरून खालपर्यंत बोट फिरवलं. इतकं उतरलेलं अल्ब्युमिन ज्या ज्या बाईच्या नावापुढे होतं, त्यांतल्या एकीनेही सहा महिने काढले नव्हते.

वहिनींनी आधी मला विचारलं. मी त्यांची वेणी घालत होते. "सिस्टरबाई, शालनचं लगीन वैशाखात उरकावं, का मार्गशीरापतुर थांबावं? मला पोरीवर अक्षता टाकायच्यात. येवढंच सांगा." मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "मास्तरांना विचारा, त्यांना जास्त कळतं." आणि अर्धी वेणी तशीच टाकून, काम आठवल्यासारखं करून उठले.

संध्याकाळी त्यांनी मास्तरांना विचारलं. मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला औषध देत होते. मास्तर बराच वेळ चादरीची घडी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "वैशाखात कशापायी? उनाचं पाव्हन्यांचं हाल. मार्गशीरातच करू. तवर तू पळाया लागशील."

वहिनींचा चेहरा उजळला. शालनला कोणत्या रंगाचा शालू घ्यायचा, ते त्या लगेच सांगू लागल्या. मास्तर बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. "वही चुकंल, सिस्टर," ते म्हणाले. "एकांदी तर चुकंल का न्हाई?" मी म्हटलं, "चुकेल, मास्तर."

वहिनी श्रावणात गेल्या.

वर्षाच्या आत लग्न करायचं म्हणून मार्गशीर्षातली तिथी तीच ठेवली. मी मिरजगावला गेले. कन्यादानाला जोडपं लागतं, म्हणून शालनचे चुलता-चुलती पाटावर बसले. मास्तर मांडवाच्या कडेला पंगतीत पाणी वाढत होते, आणि ते मुलीचे वडील आहेत हे नेवाशाच्या अर्ध्या पाहुण्यांना ठाऊकही नव्हतं.

पाठवणीच्या वेळी शालनने वडिलांचा हात धरला. ती रडत नव्हती. "आप्पा, आई वैशाखात लगीन करा म्हनत हुती. मला चुलतीनं सांगितलं. ती ऱ्हात न्हाई, हे तुमाला ठावं हुतं का?"

त्या घटकेला कोणीही 'न्हाई' म्हणालं असतं. पोर तेवढ्यावर समाधानाने सासरी गेली असती.

"व्हय, बाई," मास्तर म्हणाले. "ठावं हुतं."

शालनने हात सोडला आणि जीपमध्ये जाऊन बसली. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी त्या दोघांपासून हातभर अंतरावर होते. तुझ्या आईने आधी मला विचारलं होतं आणि मी उठून गेले, एवढंच मला म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तिचा निम्मा राग माझ्या वाट्याला आला असता आणि त्या माणसाला तेवढं कमी सोसावं लागलं असतं. जीप सुरू होईपर्यंत मी गप्प उभी राहिले.