पत्रातली शेवटची ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापुढं माझ्या पोटात कोथिंबिरीची जुडी विसरल्याची बातमीसुद्धा टिकत नाही. आमच्या घराण्यात गोष्टी सांगणारा माणूस म्हणजे मी. बारसं असो नाहीतर तेरावं, जेवणं उरकली की माझ्याभोवती घोळका. ही एकच गोष्ट मात्र अकरा वर्षं चुकवत आलोय.

इंदापूर तालुक्यात माझा दवाखाना आहे. आणि अधूनमधून मी बारामतीला शिकवायला जातो — शिकाऊ डॉक्टरांना, कॅन्सर झालेल्या तरण्या पोरापोरींशी कसं बोलावं ते. तिथं मी सुरुवातीलाच सांगतो: आपल्याकडे पेशंट गाडीत बसतो आणि घरची माणसं केबिनमध्ये येतात. तुम्ही उलट करा. माणसं बाहेर, पेशंट आत. पोरं लिहून घेतात. मी केलं होतं का तसं?

परवा पुन्हा वर्ग आहे. यादीत माझ्या नावाखाली सुवर्णाचं नाव आहे. तीन दिवस जेवण जात नाही. घरात समजतात, ॲसिडिटी. सुवर्णा कोण, ते सांगतो — जरा दमानं घेऊ द्या.

पळसदेवची मुलगी. तेव्हा एकोणीस वर्षांची, मानेत गाठ. पुण्याच्या हॉस्पिटलात कॅन्सर निघाला — बरा होण्यासारखा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या नावानं बंद पाकिटात पत्र दिलं. ते घेऊन तिचे वडील, तात्या, माझ्यासमोर बसले. सुवर्णा गाडीत. पत्रात होतं, सोमवारी उपचार सुरू करू. आणि खाली शेवटची ओळ — औषधांमुळे पुढं मूल होणं अवघड जाऊ शकतं. आधी स्त्रीबीजं काढून साठवायची असतील तर पंधरा दिवस थांबता येईल. इथं वडील तिच्याजवळून हलेनात, त्यामुळे तिच्याकडे विषय काढता आला नाही; तुम्ही तिला एकटीला विचारून कळवा.

मी ती ओळ दोनदा वाचली. कानाच्या पाळ्या तापल्या. बिनलग्नाची पोर, समोर तिचा बाप, त्यांच्या घरचं चिलापी माशाचं कालवण मी कितीदा ओरपलेलं — शब्द काढायचा कसा? चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. तेवढ्यात सुवर्णाच दारात आली.

"काका, काय लिवलंय?"

तात्या, जरा बाहेर बसता का — एवढंच म्हणायचं होतं. जीभ कुठं गेली होती?

"सोमवारी जायचं, घाबरायचं न्हाय. एवढंच हाय," मी म्हणालो. वर विनोदही केला — केस गेले तर सकाळी एसटी गाठायच्या आधी वेणी घालायची घाई उरणार नाही. ती हसली. तात्याही हसले. मला विनोद कधी कमी पडलेला नाही.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पण दुसऱ्या दिवशी पुण्याहून बाईंचा फोन आला — विचारलंत का तिला? आणि मी म्हणालो — हो, विचारलं. मुलगी नको म्हणते.

मुलगी नको म्हणते.

पत्र मी खणात टाकलं. अजून तिथंच आहे. फाडायचंही धाडस झालं नाही.

सुवर्णा बरी झाली. लग्न झालं. मूल होणार नाही हे तिला लग्नानंतर चौथ्या वर्षी कळलं, आणि त्याचं कारणही तेव्हाच. गेल्या खेपेला तिला वर्गात अनुभव सांगायला बोलावलं होतं — सरांचीच पेशंट म्हणून, कौतुकानं. एका पोरीनं विचारलं, "ताई, आधी कुणीच सांगितलं नव्हतं?"

"न्हाय," सुवर्णा म्हणाली. "काकांनाच कुणी कळवलं न्हाय, तर ते काय सांगणार? त्यांना म्हाईत असतं तर बापाला बाहेर बसवून मला सांगितलं असतं त्यांनी."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मी काय केलं असेल? मान हलवली. हो म्हणून. उद्याचे डॉक्टर बघत होते.

बोलून बोलून तिचा घसा सुकला होता. मी उठलो, पाण्याचा ग्लास नेऊन तिच्या हातात दिला, आणि आता सांगून टाकावं म्हणून तिथंच उभा राहिलो.

"बसा ना काका," ती म्हणाली, "तुमी कशाला उभं?"

मी बसलो.