न काढलेली दाढ

"मॅडम, हे दाढ काढून टाका. आता सहन होऊन नाही राह्यलं."

खुर्चीत बसायच्या आधीच इंगोले भाऊंनी सांगून टाकलं. कारंज्यात माझा दातांचा दवाखाना आहे. प्रमोद इंगोले जवळच्याच एका गावातल्या वीज सबस्टेशनवर ऑपरेटर. वय पंचेचाळिशीच्या आसपास. ड्यूटी संपवून मोटारसायकलवर थेट आले होते. एका हातानं गाल धरलेला, दुसऱ्या हातात मोबाइल.

उजव्या बाजूची खालची दाढ. मी एक्स-रे काढला. कीड नाही, मुळाशी पू नाही, हाड शाबूत. दाढेला थंड लावून पाहिलं, नॉर्मल. आरशाच्या दांड्यानं हलकं ठोकलं तर दुखलं. पण शेजारची दाढही दुखली आणि वरचीही दुखली. खरोखर खराब झालेली दाढ असं करत नाही. ठोकलं की नेमकी तीच ठणकते.

वरची एक दाढ आधीच काढलेली दिसली. तीही अशीच दुखायची, दुसऱ्या गावी जाऊन काढून घेतली, महिनाभर बरं वाटलं आणि मग ही सुरू झाली, असं त्यांनी सांगितलं.

मी म्हटलं, "भाऊ, ही दाढ चांगली आहे. मी काढणार नाही."

"दाढ माही, दुखणं माह्यं. तुमी फक्त काढा ना."

"आणि उद्या शेजारची दुखली तर?"

ते पुन्हा खुर्चीत मागे टेकले.

मग मी पुन्हा तोंड नीट पाहिलं. एका दाढेच्या मागे लागल्यामुळे मघाशी बाकीचं तोंड मी घाईत पाहिलं होतं. दातांची टोकं घासून सपाट झालेली. दोन दातांवर बारीक तडे. जिभेच्या कडेला दातांचे ठसे. गालाच्या आतून पांढरी रेघ. बाहेरून जबड्यावर बोटं ठेवली तर चावण्याचा स्नायू सुपारीसारखा कडक लागला. सकाळी उठल्यावर तोंड उघडायला जड जातं का, कानशिलं ठणकतात का, हे विचारलं. दोन्हीला हो म्हणाले.

आपल्याकडे याला दात खाणं म्हणतात. काही लोक झोपेत दात कराकरा घासतात, काही जण दिवसा नकळत आवळून धरतात. एरवी जेवताना सोडलं तर वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेलेच नसावेत. हे सांगितलं की बहुतेकांना आश्चर्य वाटतं. दिवसभर आवळून राहिलं तर स्नायू थकतो, आणि त्याचं दुखणं दाढेत जाणवतं. दाढ निर्दोष असते.

इंगोले भाऊंना हे पटलं नाही. त्यांच्या मते मी दाढ काढायचं टाळत होते. शेवटी महिनाभर थांबायला तयार झाले. मी त्यांना नाइट गार्ड बनवून दिला. म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं कडक पारदर्शक कवच. दात झिजायचे वाचतात.

महिना व्हायच्या आतच ते परत आले. गार्डचे दोन तुकडे रुमालात बांधलेले होते. त्या मटेरियलचा गार्ड असा तुटलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

या वेळी त्यांच्या पत्नी, संगीताताई, सोबत होत्या. झोपेत हे दात खातात तेव्हा शेजारच्या खोलीत सासूबाईंना जाग येते, असं त्या सांगत होत्या. पोटात जंत असतील म्हणून दोनदा औषधही दिलं होतं. माणूस चिडका झालाय, ताटावरून उठून जातो, टीव्ही लावतो आणि पाहत नाही. हे सगळं त्या मला सांगत होत्या आणि इंगोले भाऊ छताकडे पाहत होते.

मी त्यांच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवून स्नायू तपासत होते. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला.

माझ्या बोटांखाली दोन्ही बाजूचा स्नायू एकदम टणक होऊन वर आला. फोन खिशातून निघायच्या आधीच.

"भाऊ, आता तुम्ही काय केलं?"

"काई नाई केलं."

फोन गावातल्या कुणाचा तरी होता, लाइन कधी येणार म्हणून. त्यांनी तो घेतला, दोन वाक्यांत संपवला. मग मी त्यांना स्वतःची बोटं स्वतःच्या जबड्यावर ठेवायला सांगितली आणि संगीताताईंना म्हटलं, तुमच्या फोनवरून यांना रिंग द्या. समोर बायको फोन लावतेय हे त्यांना दिसत होतं. तरीही रिंग वाजली आणि त्यांचा चेहरा बदलला. बोटं तशीच गालावर होती.

"हे मीच करून राह्यलो?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी बोटं बराच वेळ काढली नाहीत.

त्यानंतर जे कळलं ते त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. लाइनवर काम करायचं असेल तर लाइनमन आधी सबस्टेशनला फोन करतो. ऑपरेटर त्या भागाला वीज नेणारी लाइन, म्हणजे फीडर, बंद करतो आणि परमिट देतो. लाइनमन खाली उतरून काम झाल्याचं कळवेपर्यंत पुरवठा सुरू करायचा नाही. खांबावरच्या माणसाचा जीव या एका फोनवर असतो.

दोन वर्षांपूर्वी देविदास नावाचा लाइनमन असाच खांबावर चढला होता. इंगोले भाऊंनी फीडर बंद केला होता, परमिट बरोबर दिलं होतं. पण गावात कुणीतरी जनरेटर लावला आणि त्याचा करंट उलटा लाइनवर आला. देविदास खाली पडला. जीव वाचला, उजवा हात कोपराखाली गेला. चौकशी झाली. इंगोले भाऊंची काही चूक निघाली नाही.

"मले मालूम हाये माही चूक नव्हती," ते म्हणाले. "सारेच सांगतेत. पण फोन वाजला का वाटते, आनखी कोनी पडलं."

तेव्हापासून ते एकच स्विच पुन्हा पुन्हा जाऊन पाहत. ड्यूटी संपवून घरी आले की सबस्टेशनवर फोन करून दुसऱ्या ऑपरेटरला विचारत, सगळं ठीक आहे ना. त्यांचा खासगी नंबर पंचक्रोशीत सगळ्यांकडे. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत सुट्टीतही फोन, शिव्याही. दोन वर्षं हा माणूस सतत कुठल्या तरी वाईट बातमीची वाट पाहत होता, आणि त्याला वाटत होतं की त्याची दाढ दुखतेय.

मी दातांची डॉक्टर. गार्ड दुसरा देता येतो, पण यापुढचं माझं काम नव्हतं, आणि ते मी तसं सांगितलं. वाशीमला माझी एक मैत्रीण मानसोपचाराची प्रॅक्टिस करते. तिचं नाव घेताच इंगोले भाऊ खुर्चीतून उठले.

"म्हंजे येड्याच्या डॉक्टरकडं धाडता का मले?"

मी काही बोलायच्या आत संगीताताई म्हणाल्या, "माह्या बीपीचं सांगू लोकाईले. वाशीमले कोण पाहाले बसलं?"

ते गेले. बीपीच्या निमित्तानं दोघं एसटीनं वाशीमला जाऊ लागले. मैत्रिणीनं काही दिवसांसाठी गोळ्या दिल्या, बोलायला बसवलं, आणि सुट्टी घ्यायला सांगितली. तिथं गाडी अडली. इंगोले भाऊंच्या साहेबांना कळेना की दातदुखीवाल्या माणसाला एवढी सुट्टी कशाला. मानसोपचाराचं नाव ऑफिसात घ्यायला इंगोले भाऊ तयार नव्हते. मीच बोलावं असं त्यांनी म्हटलं. त्यांच्यासमोर, त्यांनी लावून दिलेल्या फोनवर मी बोलले.

"मॅडम, दातासाठी महिनाभर? माझ्याकडे आधीच माणसं कमी आहेत."

"दातासाठी नाही. हा माणूस दोन वर्षं नीट झोपलेला नाही. लाइनमन खांबावर असताना स्विच याच्या हातात असतो. असा ऑपरेटर तुम्हाला चालत असेल तर मी फोन ठेवते."

मग ते म्हणाले, "त्यांना द्या."

इंगोले भाऊ उभे राहून बोलले. सुट्टी मिळाली. परत आल्यावर काही महिने दिवसाची ड्यूटी मिळाली, आणि तक्रारी ऑफिसच्या नंबरवरच घ्यायच्या असं ठरलं. जुनं सिमकार्ड संगीताताईंच्या फोनमध्ये गेलं. लाइनची चौकशी करणाऱ्यांना त्या ऑफिसचा नंबर सांगत आणि वाद घालणाऱ्याला शांतपणे सगळ्या घरादाराची खुशाली विचारत. फोन आपोआप कमी झाले.

सुट्टीचे पहिले दिवस उलट जास्त वाईट गेले. फोन वाजेना तर इंगोले भाऊ तो हातात घेऊन बसत. गोळ्यांची सवय लागेल म्हणून एकदा मनानंच बंद केल्या आणि मैत्रिणीकडून बोलणी खाल्ली. माझ्याकडचा अभ्यास साधा होता. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ अलगद टाळूला. दिवसातून जितक्यांदा आठवेल तितक्यांदा जबडा तपासायचा. आठवण राहावी म्हणून त्यांनी लाल इन्सुलेशन टेपचे तुकडे कापून मोटारसायकलच्या टाकीवर, मोबाइलच्या मागे, घरातल्या स्विचबोर्डावर चिकटवले. टेप दिसली की जबडा सोडायचा.

मैत्रिणीनं आणखी एक गोष्ट सुचवली होती, देविदासला जाऊन भेटण्याची. अपघातानंतर दवाखान्यात एकदा भेटले होते, त्यानंतर ते त्याच्या गावावरूनही जायचं टाळत. देविदासचं गाव शिरपूर; त्या रस्त्यानं जायचं असलं तर फेरा घालून जात. बरेच दिवस त्यांनी ही भेट पुढे ढकलली. शेवटी एकदा गेले.

त्या भेटीबद्दल मी मुद्दाम विचारलं नाही. दुसऱ्या गार्डचं माप तपासायला आले तेव्हा त्यांनीच काढलं. देविदास आता ऑफिसात बसून काम करतो. त्यानं डाव्या हातानं चहा दिला. अपघाताचा विषय काढलाच नाही.

"घंटाभर मले बोअरच्या मोटरचं विचारून राह्यला. काहून जळते म्हणे घडीघडी." इंगोले भाऊंनी गार्ड हातात फिरवला. "म्या घरून सारं ठरवून गेलो होतो, काय बोलायचं थे. काईच बोललो नाई. मोटर खोलून पाह्यली त्याची."

मी विचारलं, मग कसं वाटलं.

"निंगताना म्हणे, येत जा. त्या दिवशी झोप लागली मले."

सगळं सरळ रेषेत बरं झालं असं नाही. पुढच्या रब्बीत लोड वाढला, फीडर वरचेवर ट्रिप होऊन आपोआप बंद पडू लागला, आणि ते पुन्हा गाल धरून दवाखान्यात आले. घाबरलेले होते, की आता परत पहिल्यापासून. मी जबड्यावर बोटं ठेवली. स्नायू कडक होता, पण पूर्वीसारखा नाही. या वेळी त्यांनी दाढ काढायला सांगितलं नाही. आठवडाभर दुसऱ्याच्या जागी डबल ड्यूटी केलीय, म्हणाले, आता दोन दिवस सुट्टी टाकतो. निदान त्यांनीच केलं होतं. मी फक्त गरम पाण्याचा शेक सांगितला.

दुसरा गार्ड अजून शाबूत आहे. खालची दाढ जागेवर आहे, तिच्यावर ते मस्त चावतात. वरच्या काढलेल्या दाढेची जागा मात्र रिकामीच आहे. तीही बहुधा चांगली होती. त्यांना ते माहीत आहे, आम्ही त्यावर बोलत नाही.

माझ्या कामात एवढाच फरक पडला आहे. दाढ दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या एक्स-रेत काही सापडलं नाही, तर मी लगेच दुसरा एक्स-रे काढत नाही. खुर्ची सरळ करते आणि झोप कशी आहे ते विचारते. बरेच जण म्हणतात, झोपेचा आणि दाताचा काय संबंध. त्यातले निम्मे लोक तेवढं बोलूनही खुर्चीतून उठत नाहीत, आणि मग आपणहून सांगायला लागतात. पुढच्या पेशंटला त्या दिवशी ताटकळावं लागतं.