काकूंच्या वृंदावनातली माझी तुळस

आमच्या शेजारच्या काकूंनी माझ्या डोळ्यांदेखत पाच तुळशी मारल्या, तेही निव्वळ भक्तीनं. खून म्हटलं तर त्यांना राग येईल, म्हणून मारल्या म्हणते.

वृंदावन मोठं झोकदार. टाइल्स लावलेलं, चारी बाजूंना देव, आणि बुडाशी पाणी जायला एक भोक नाही. सकाळी काकू तांब्याभर पाणी ओतणार, मग सून, मग मुलगी. शुक्रवारी दूध. दिवा थेट खोडाला टेकवून. हळदीकुंकवाचा तर असा थर, की पानं दिसू नयेत. मंजिऱ्या खुडायच्या नाहीत, पाप लागतं. आणि एकादशीला तुळशीचाही उपास, म्हणून अमरावतीच्या भर मे महिन्यात तिला पाण्याचा थेंब नाही! बाप्पा, एवढं सोसून कोण जगेल?

माझी तुळस रंगाच्या जुन्या बादलीत. रोप अकोल्याहून, आईकडून आणलेलं. आम्ही बौद्ध, त्यामुळे पूजाबिजा काही नाही. खोकला झाला की काढा, एरवी चहात चार पानं. बादलीला खालून भोकं पाडलेली, माती सुकली की पाणी, मंजिरी दिसली की खुडली, उन्हाळ्यात वर हिरवी जाळी. कमरेएवढी झाली होती. काकू भिंतीवरून बघायच्या आणि विचारायच्या, "तुमी तुळस कावून लावता मॅडम? तुमच्यात तं चालत नाई ना?"

"खोकला तं आमच्यातबी होते ना काकू," मी म्हणायचे.

यंदा तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी काकू माझ्या फाटकात उभ्या. आठ वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच. संध्याकाळी मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि वृंदावनात नुसत्या काड्या. नर्सरीतली रोपं आदल्या दिवशीच संपलेली. मुलीचं याआधी दोनदा जमता जमता मोडलं होतं.

"वाळेल तुळस पाहून पावणे काय म्हनतील व माय? तुमची तेवढी द्या मले," म्हणताना त्यांचा आवाज रडवेला झाला. मला खरंच वाईट वाटलं. मी शाळेत गणित शिकवते, ती पोरगी माझ्याच हाताखाली शिकलेली, गुणाची आहे.

मातीच्या गोळ्यासकट तुळस काढली, मुळं दुखावू नयेत म्हणून ओल्या पोत्यात बांधली आणि भिंतीवरून काकूंच्या हातात दिली. वर फुकटचा सल्ला: पाणी कमी, दिवा लांब. त्यांनी ऐकल्यासारखं केलं.

दहा मिनिटांनी कपडे वाळत घालायला गेले, तर भिंतीपलीकडे काकू बाटलीतून माझ्या तुळशीवर गोमूत्र शिंपडत होत्या. शेंडा, खोड, एकेक पान. वृंदावनात लावायच्या आधी.

डोकं असं सणकलं माझं!

"काय करून राहिल्या काकू?"

त्या दचकल्या. "काई नाई मॅडम. कीड लागू नये म्हनून."

"कीड नाई तिच्यावर. सकाळीच पाह्यली मी."

त्यांच्या बाजूला बाटलीचं बूच धरून उभी असलेली सून आत निघून गेली.

"आन शिंपडूनच राहिल्या तं मातीवरबी शिंपडा. ते तं सारी माह्या घरची हाये."

काकूंनी माझ्याकडे न बघता बाटली हलवून पाहिली. संपली होती.