आधी समोरच्याचं

निवृत्त झाल्यावर पुन्हा कुणाला काही शिकवायचं नाही, असं मी घरात सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. हा निश्चय मोडला एका प्रार्थना मंडळाने. देवाधर्माच्या बाबतीत मी पहिल्यापासून कोरडी. माझं देवाशी बोलणं शाळेच्या निकालाच्या दिवसापुरतं. त्यामुळे लाखनीहून आत असलेल्या एका गावातून मंडळाचे अध्यक्ष मला बोलवायला आले, तेव्हा मी त्यांना चहा पाजून वाटेला लावायच्या बेतात होते.

हे अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर आजोबा. उभं आयुष्य त्यांनी बैलबाजारात दलाली केली. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या इथं संध्याकाळी प्रार्थनेनंतर मोठ्या माणसायचा वर्ग भरते. तुमी फक्त अक्षरं शिकवा. देवाचं आमी पाहून घेऊ." ही वाटणी मला मान्य होती. दुसऱ्या दिवशी मी स्कुटी काढली.

मंडळाचं सभागृह गावाच्या टोकाला, धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांना लागून आहे. वर टिनाचं छप्पर, खाली सतरंजी. मूर्ती नाही, पुजारी नाही. एक समई आणि एक लोखंडी कपाट. कपाटात सगळ्या धर्मांची पुस्तकं एकाला एक चिकटून उभी, आणि त्यांच्यात धानावरच्या किडीचं एक पुस्तकही. प्रार्थना कुणीही सांगतं, बाया तर जास्तच. जात कुणाला विचारत नाहीत, अर्थात ती सगळ्यांना ठाऊक असतेच. पण सतरंजीवर जो आधी येईल तो पुढे बसतो, आणि एवढं तरी मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही.

दिवेलागणीला प्रार्थना व्हायची. मग तासभर माझी बाराखडी. त्यानंतर कपाटातलं एखादं पुस्तक काढून त्यातलं पानभर वाचायचं आणि त्यावर बोलायचं. या बोलण्याला एक नियम होता. मंडळ सुरू करणाऱ्या गुरुजींनी तो घालून दिला होता, आणि ते गेल्यावरही तो चालू होता. आपलं मत मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. नुसते त्याचे शब्द परत म्हणायचे नाहीत, तर त्याला जे वाटतं ते सांगायचं. समोरचा "हो, असंच" म्हणेपर्यंत आपली पाळी येत नाही.

मला हा प्रकार सुरुवातीला फार लांबण लावणारा वाटला. एकदा रोज्याबद्दल वाचन होतं. हायवेवर दुकान असलेले एक शिंपीचाचा त्या दिवशी मुद्दाम आले होते. त्यांच्या मनातलं सांगता सांगता अख्खी संध्याकाळ गेली, आणि चाचा आपले हसून "नाही" म्हणत राहिले. शेवटी एक म्हातारी म्हणाली की संध्याकाळी पहिला घोट सगळे एकाच वेळी घेतात, त्या घोटासाठी हा माणूस दिवस काढतो. तेव्हा कुठे चाचांनी मान हलवली. मी मनात म्हटलं, अशाने माझ्या शाळेत वर्षभरात एकच धडा झाला असता.

वर्गात दोघं जण होती, ज्यांची ही गोष्ट आहे. एक धानाचा शेतकरी. त्याला सगळे भाऊ म्हणत. पेटी सुरेख वाजवायचा आणि रागावला की पेटीवरच राग काढायचा. त्याच्या घराण्याची गावात पिढ्यान्‌पिढ्यांची शेती. दुसरी मावशी. ती मासेमारी करणाऱ्या घरातली. तिचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि त्यातली काही घरं या गावाच्या कडेला येऊन राहिली. मावशी माझ्याकडेच अक्षरं शिकली. हायवेवर उभी असताना तिने एसटीची 'साकोली' ही पाटी स्वतः वाचली, आणि जायचं होतं भंडाऱ्याला तरी त्या आनंदात साकोलीच्या गाडीत चढली.

गावाला एक जुना तलाव आहे. त्याचं पाणी दगडी तोंडातून वावरांत सोडतात. त्या तोंडाला इकडे तुडुम म्हणतात. तलावातली मासेमारी आजवर पुरुषांच्या ताब्यात होती. त्या वर्षी ती पहिल्यांदा बायांच्या गटाला मिळाली, आणि गटाची पुढारी मावशी. पावसाळ्यात बायांनी तलावात बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं सोडली होती. पाणी टिकलं तर उन्हाळ्यापर्यंत मासोळी चांगली भरणार होती. पाणी फार खाली गेलं की ती मरणार होती, आणि मग बायांच्या हातात तलाव पुन्हा कधी आला नसता. 'बायांले देऊन पाह्यला तलाव' असं म्हणायला माणसं टपूनच बसली होती.

नेमका त्या वर्षी दसऱ्याआधीच पाऊस थांबला. धान लोंबीवर आलेलं, दाण्यात दूध भरायची वेळ. आता एक पाणी मिळालं नाही तर लोंबी पोकळ राहणार, हे मलाही कळत होतं. भाऊ सकाळीच चार माणसं घेऊन तुडुम उघडायला गेला. मावशी आणि गटातल्या बाया गळ्याइतक्या पाण्यात उतरून तुडुमाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. बरीच बोलाचाली झाली. शेवटी भाऊ तोंडाला येईल ते बोलत परत गेला.

त्या संध्याकाळी दोघांपैकी कुणी वर्गाला येणार नाही, अशी माझी खात्री होती. दोघंही आली. भाऊने पेटी काढली नाही. प्रार्थना झाली आणि मी फळा पुढे ओढला, तेव्हा आजोबा म्हणाले, "आज पुस्तक राहू द्या. भाऊ, सुरू कर. मावशीचं सांग."

"माह्यं धान वाळून राह्यलं अन् मी तिचं सांगू?"

"तुह्यं तुले पाठ आहे," आजोबा म्हणाले. "तिचं सांग."

हा नियम धर्मग्रंथांसाठी आहे, असं मी आजवर धरून चालले होते. जिवंत भांडणावर तो लावतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. भाऊने घसा खाकरला आणि एका दमात सांगून टाकलं, "पाणी सोडलं तं तिची मासोळी मरन."

"नाही," मावशी म्हणाली.

"पयल्यांदा बायांले तलाव भेटला. मासोळी मेली तं लोक हासतीन."

"ते आहे. पण तेवढंच नाही."

भाऊ उठला. तरातरा दारापर्यंत गेला आणि एक पाय चपलेत घातला. संपलं सगळं, असं मला वाटलं. पण दुसरा पाय काही चपलेत जाईना. तो तसाच, आमच्याकडे पाठ करून, बाहेरच्या अंधाराकडे पाहत उभा राहिला. आणि तिथूनच बोलायला लागला.

"हिचं गाव गेलं. इथं आली तवापासून ही विचारूनच जगून राह्यली. बोरिंगवर पाण्याचा गुंड भरू का म्हणून विचारते. वावराच्या धुऱ्यावरून जाऊ का म्हणून विचारते. माह्या आंगणातून जायचं तं आंधी खोकलते. हा तलाव पयली जागा आहे का जिथं हिले कोणाले विचारा नाही लागलं. अन् मी आज तिथं गेलो तं मी हिले विचारलं नाही." मग हळू म्हणाला, "तिच्या जागी माणूस असता तं विचारलं असतं."

मावशीने पदर तोंडावर घेतला होता. पदराआडून आवाज आला, "हो. असंच."

मी आयुष्यभर भांडणं सोडवली आहेत, पोरांची, पालकांची, मास्तरांची. प्रत्येक वेळी मी कोण चुकलं ते शोधलं. एका रागावलेल्या माणसाने आपल्या विरोधकाच्या काळजातलं इतकं अचूक बाहेर काढून सगळ्यांसमोर ठेवावं, असं मी कधी पाहिलं नव्हतं. ते सांगताना त्याचं काहीतरी मोडत होतं, हे त्याच्या पाठीवरूनही दिसत होतं.

आता मावशीची पाळी होती. ती म्हणाली, "भाऊचं मले आज सांगता नाही येणार. मले पाहा लागन." नियमात बसत असावं, कारण आजोबांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ एकटाच तलावावर गेला. बायांच्या तोंडून सगळ्या गावाला कळलं आणि माझ्यापर्यंतही आलं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर उभा राहून त्याने विचारलं, "बाई, धानाले पाणी पाह्यजे. सोडू का?" मावशीने पाण्यातल्या धुण्याच्या दगडाकडे बोट दाखवलं. दगड उघडा पडला की तुडुम बंद, एवढंच बोलणं झालं.

पाणी सुटलं. तलावाजवळच्या बांध्यांना आधी, मग पुढच्यांना, असं पाळीपाळीने ते पुढे सरकत राहिलं. मावशी रोज बांध्यांच्या कडेने धुऱ्यावरून हिंडायची. रोज संध्याकाळी आजोबा तिच्याकडे पाहायचे आणि ती म्हणायची, "अजून पाहून राह्यली."

भाऊची शेती सगळ्यांत शेवटी, उताराच्या टोकाला. पाणी त्याच्या वरच्या बांध्यांत पोचलं, खालच्या दोन बांध्या कोरड्या होत्या, आणि दगड उघडा पडला. मी त्या दिवशी वर्गाच्या आधी तलावावर गेले होते. ऊन उतरलं होतं. भाऊ आला, त्याने दगडाकडे पाहिलं, पाण्यात उतरला आणि स्वतःच्या हाताने तुडुम बुजवला. कुणी त्याला सांगायला गेलं नव्हतं. वर चिखल लिंपून तो निघून गेला.

त्या संध्याकाळी प्रार्थना संपली आणि मावशी आपणहून म्हणाली, "आज सांगतो." ती उठून उभी राहिली. भाऊ पेटीशेजारी खाली मान घालून बसला होता.

"भाऊनं मोठं मन केलं," मावशी म्हणाली. "आमची मासोळी वाचवासाठी सोताचं धान सोडलं. असा मोठ्या मनाचा माणूस..."

"नाही," भाऊ म्हणाला.

सगळे हसले. मावशीही हसली. "हे सत्काराचं भाषण झालं," भाऊ खाली पाहूनच म्हणाला. "माह्यं सांग."

मावशीने पुन्हा प्रयत्न केला, "शबूद देला होता, तो पाळला."

"आहे थोडंसं. पण नाही."

मग मावशीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वेगळ्याच आवाजात बोलायला लागली. सभेत बोलतात तसं नव्हतं ते. घरात चुलीपाशी बसून सांगतात तसं होतं.

"तुडुम बुजवून भाऊ घरी गेला नाही. खालच्या बांधीत गेला. मी धुऱ्यावरच होती, त्याले मालूम नव्हतं. त्यानं एक लोंब तोडली, दाणा दाताखाली धरून पाह्यला. पोकळ होता. मंग तो खाली बसला अन् तलावाकडे तोंड करून त्यानं मले शिव्या देल्या. लय देल्या. मंग उठून तलावाकडे निंघाला. मले वाटलं, हा आता तुडुम खोलते. पाळीपाशी जाऊन उभा राह्यला. अन् तिथून परत फिरला." तिने भाऊकडे पाहिलं. "मासोळीवर त्याची माया नाही. माह्यावर बी नाही. त्याचा राग गेला नाही, आता बी आहे. राग होता अन् त्यानं पाणी ठेवलं."

शिव्यांच्या गोष्टीवर कुणी हसलं नाही. भाऊ वर पाहायला तयार नव्हता. पेटीच्या झाकणावर त्याचं बोट उगाच फिरत होतं. मोठ्या मनाचं कौतुक त्याने नाकारलं होतं. आता हे एवढं उघडं, नको असलेलं खरं तो पत्करतो की उठून जातो, एवढाच प्रश्न होता.

"हो," तो म्हणाला. मग पहिल्यांदा मावशीकडे सरळ पाहून म्हणाला, "असंच."

मला देव अजूनही कळत नाही. पण त्या सतरंजीवर बसून मी काय पाहिलं, ते मला नीट कळलं. माणूस रागातच होता, नुकसानीतच होता, आणि तो जसा होता तसं कुणीतरी त्याला पाहिलं होतं. इतकं भारावून टाकणारं मला दुसरं काही आठवत नाही.

मावशी खाली बसली. भाऊने नाक ओढलं आणि जरा घुश्श्यातच विचारलं, "शिव्या सगळ्या आयकल्या?"

"सगळ्या," मावशी म्हणाली. "पुढच्या साली आंधी तुह्या खालच्या बांध्याईले पाणी."