दोराचं दुसरं टोक

"प्राची येत न्हाई म्हणून मी! सरळ बोल की."

"आक्के, तसं न्हाई."

"मग कसं? तिचा पाय मोडला नसता, तर तुला बहीण आठवली असती?"

वृषालीनं कपाळाला हात लावला. पडवीत लसूण सोलत बसलेल्या अंजनाबाईंनी दोन्ही लेकींकडं आळीपाळीनं पाहिलं. "मी म्हणते, आपल्या धरणात चिलापी कमी हाय का, म्हणून मालवणला मासं मोजायला जायचं? आन् एवढं मोजून एक तरी घरी आणला का हिनं?"

"आई, तू गप!" दोघी एकदमच म्हणाल्या. त्या दुपारचं दोघींचं एकमत काय ते तेवढंच.

येडगावात धरणाच्या काठानं ज्याची म्हणून मोटार आहे, त्याला थोरली साधना ठाऊक आहे. पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या टोकाला फुटवॉल असतो. त्यात शेवाळ नाहीतर प्लॅस्टिक अडकलं, की मोटार नुसती घरघरते आणि वर ऊस तहानतो. मग कुणीतरी बुडी मारून तो मोकळा करावा लागतो. आधी हे काम तिचा बाप, रखमाजी करायचा. बुड्या मारून त्याचे कान गेले आणि साधना पाण्यात उतरली. लोक चार दिवस हसले, पाचव्या दिवशी बोलवायला आले.

तिच्या दमाची गोष्ट काठावरचा ऊसवाला हौशीराम अजून सांगतो. "तंबाखू मळली, खाल्ली, थुकलो, तरी ही पोरगी वर येत न्हाई राव!" काठावरची माणसं चुळबूळ करायची. फक्त एक जण जागची हलायची नाही. साधनाच्या कमरेच्या दोराचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळून धाकटी वृषाली उकिडवी बसलेली असायची. एक हिसका म्हणजे ढील दे, दोन म्हणजे ओढ. माशी नाकावर बसली तरी पोरीची नजर दोरावरून ढळत नसे.

तीच वृषाली पुढं पुण्याला शिकली, तिथंच पाठीवर टाकी बांधून खोल जायला शिकली. आता दर हिवाळ्यात नोकरीतून रजा काढून ती हौशी पाणबुड्यांसोबत मालवणला जाते. तिथं समुद्राच्या तळाशी प्रवाळावर फीत अंथरतात आणि दोघी-दोघी शेजारून पोहत जातात. एकीनं डावीकडचे मासे टिपायचे, दुसरीनं उजवीकडचे. गोब्रा किती, पोपटमासा किती. गेल्या सालापेक्षा कमी झाले का वाढले, ते शास्त्रज्ञ त्यावरून पाहतात.

साधनाला समुद्राचा हेवा नव्हता, टाकीचाही नव्हता. बहिणीचं नाव पेपरात आलं तेव्हा तो पेपर तिनंच घरोघर फिरवला होता. तिला डाचत होता तो एक फोटो. निळ्या पाण्यात वृषाली आणि मंचरची प्राची, हातात हात अडकवून. खाली वृषालीनं लिहिलेलं, 'माझी जोडीदार.' भांडी घासून झाली, की साधना हात पुसायची आणि तो फोटो मोठा करून बघायची. पुन्हा बारीक करायची. पुन्हा मोठा.

गेल्या वर्षी तीही गेली होती शिकायला. पहिलाच धडा होता: दम कोंडायचा नाही. टाकीतली हवा घेत राहायची, सोडत राहायची. दम धरून वर आलं, तर फुप्फुस फाटतं. साधनानं मान डोलावली. पण पाणी डोक्यावरून गेलं, आणि अंगानं जन्मभर जे केलं तेच केलं. छाती भरली, दम कोंडला आणि ती वर निघाली. शिकवणाऱ्या सरांनी पाय धरून तिला खाली दाबलं आणि बरगड्यांखाली ठोसे मारून हवा सोडायला लावली. नंतर होडीत प्राची म्हणाली, "ताई, तुम्हाला टाकी उगाचच दिली हो!" सगळे हसले.

"तू पण हसलीस," साधना आता म्हणाली.

"आक्के, वरीस झालं त्याला!"

"मी ईचारलं का किती झालं? तिच्या खांद्यावर हात ठिवून हसलीस."

"भ्याले व्हते मी! तू तशी वर निघालीस, तवा माझंच काळीज फाटलं व्हतं. तू वाचलीस म्हणून सुटलं हसू."

"वा! लई न्यारं हसू तुमचं."

वृषाली तिच्यासमोर येऊन बसली. "हे बघ. लगीच मासं मोजायला न्हाई घेणार तुला. पयल्यापासनं शिकावं लागंल, पोराटोरांत बसून. मी बसंन संगं. पण एकदा शिकलीस, की माझ्या शेजारची जागा तुझी. सरांना तसंच सांगितलंय. अगं, प्राची सोताच म्हणली, आक्काला घेऊन ये."

इथंच घोटाळा झाला. साधनाचा चेहरा निवत चालला होता, तो पुन्हा तापला.

"अस्सं! म्हंजी तिनं परवानगी दिली तवा माझा नंबर लागला!"

"देवा!" वृषाली म्हणाली.

"तुमी दोघी मोजा मासं," अंजनाबाई पुटपुटल्या, "मी लसूण मोजते."

तेवढ्यात बाहेरून हौशीरामची हाळी आली. "साधनाबाय! फुटवॉल तुंबलाय! ऊस वाळाया लागलाय माझा!"

साधना उठली. खुंटीवरचा दोर तिनं खांद्यावर टाकला.

"दोर कोण धरणार?" वृषालीनं विचारलं. "दाजी तर पारगावला कारखान्यावर गेल्यात."

"हौशीराम धरंल."

"एका हातात दोर आन् दुसऱ्या हातात फोन असतो त्याच्या!"

साधना चपला शोधत राहिली. एक सापडली, दुसरी पायरीखाली होती.

"आक्के." वृषाली पायरीशी आली. "मला दुसरी जोडीदार नकोय. येशील का न्हाई, तेवढं सांग."

साधनानं चप्पल पायात सरकवली. दोराची नीट घडी करून, टोक खोचूनच ती नेहमी घराबाहेर पडायची. आज ती तशीच निघाली, मागं न बघता. दोराचं दुसरं टोक उंबऱ्यावरून, अंगणातून, तिच्यामागं फरफटत गेलं.