कोरड्या अंगणात बुडणाऱ्या मावशी

“दर्या कोनाचा मामा नाय!” असं म्हणत मावशी स्वतःच्याच अंगणात धाडकन आडव्या पडायच्या, हातपाय झाडायच्या आणि ओरडायच्या, “बुडली गं, बुडली!” मग आठ वर्षांची पोर ओट्यावरून दोरी बांधलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन त्यांच्याकडे भिरकावायची. नेम चुकला की मावशी पुन्हा बुडायच्या.

आईबाप नसलेली मुलं काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देतात. अशा घरांना भेटी देणं हे माझं काम. नवापूरच्या या मावशींकडे आलेली पोर बोईसरच्या चाळीत वाढलेली. तिने समुद्र पाहिलाही नव्हता, आणि इथे तो थेट दारात!

“हाक मारायची, कॅन फेकायचा, आपन उतरायचं नाय,” हा मावशींचा रोजचा पाढा. तुम्ही हसाल, पण मलाही त्यांनी दोनदा बुडवलंय, चांगल्या साडीसकट.

आमच्या साहेबांना मात्र हे घर पसंत नव्हतं. “समुद्र इतका जवळ? मुलीला दुसरीकडे हलवा.” हे कळलं त्या दिवशी पोर जेवली नाही, आणि जन्म दर्याकाठी गेलेल्या मावशींच्या तोंडचं पाणी पळालं.

शेवटी साहेब स्वतः पाहणीला आले. पँट दुमडून, फोटो काढत काढत ओल्या वाळूतून पार पुढे गेले. त्यांच्या मागच्या खोलगट भागात पाणी शिरायला लागलं. पोर काठावरून किंचाळली, “साहेब, भरती! भरती!”

साहेबांचा भाचा दोन वर्षं नोकरीसाठी खटपट करत होता. त्यांनी वळून मोठ्या आशेने विचारलं, “कुठल्या कंपनीत?”

परतताना खोलगटात पाणी कमरेला लागलं, तेव्हा उत्तर त्यांचं त्यांना मिळालं. मी धावत सुटणार, तोच पोरीने माझा पदर घट्ट धरला. “ताई, उतरायचं नाय!” आणि कॅन फेकला. काय नेम होता! साहेबांनी कॅनला मिठी मारली, आम्ही तिघींनी दोरी ओढली.

“आमच्या पोरीनं तुमाला काडलं, साहेब,” मावशी म्हणाल्या. “आता तिला हलवनार का?”

साहेब नुसतेच शिंकले.

आठवड्याने मी पत्र घेऊन गेले. मुलीला याच घरी ठेवावं, असं त्यात होतं. मावशींनी मासळीचे हात पाठीमागे धरले, कागदाला वास नको म्हणून. “परत वाच, बाय.” मी तीनदा वाचलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि खरं सांगते, मलाही पुढची अक्षरं दिसेनात.

“पोरीला सांगून येतंय,” म्हणत त्या अनवाणी शाळेकडे पळत सुटल्या. घर सताड उघडं, बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले. शाळा सुटायला अजून दोन तास होते. मग काय, साहेबांच्या सहीचं ते पत्र फडकावत मी एकटी कावळे हाकलत बसले.