तीन ओळी आणि सहा पानं

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे टिंबबाई म्हणायचे. रिपोर्टवर टिंब चुकीच्या जागी पडलं की कागद टराटरा फाडायची, मग बाहेर पेशंटची कितीही रांग लागलेली असो. मी सुया टोचणारी, ती मशीनवरचे आकडे तपासणारी.

रिपोर्ट छापायचा प्रोग्राम फुकटचा. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला. कोड उघडा, कुणीही बघावा, कुणीही सुधारावा. नवी आवृत्ती टाकली त्याच दिवशी त्याने ०.८ चं ८ छापलं. एकाहून लहान आकडा आला की शून्य आणि टिंब गिळायचा मेला. मूत्रपिंडाच्या तपासणीत आठ म्हणजे किडनी गेल्यातच जमा, हे त्या पेशंटला ठाऊक होतं. माणूस दारातच मटकन खाली बसला.

बाईने चार संध्याकाळी खपून चूक शोधली. दुरुस्ती तीन ओळींची. लग्नाआधी ती दोन वर्षं कोड शिकली होती, पुढे सगळं चुलीत गेलं. सासू म्हणायची, "काय ती उंदरासारखी खुडखुड!" प्रोग्रामसोबत सुधारणा करणाऱ्यांच्या नावांची यादी यायची. "त्यात एकदा नाव लागू दे," ती मला म्हणाली, "छापून सासूबाईंच्या हातातच देते."

पण सुधारणा पाठवायची तर नियमांची सहा पानं. आधी चूक कळवा, होकाराची वाट बघा, एका वेळी एकच बदल, सोबत चाचणी; आणि त्यांच्या तपासनिसाने काही विचारल्यावर एकवीस दिवसांत उत्तर आलं नाही तर अर्ज आपोआप बंद. तिने होकार मिळवला, पाठवलं. दुसऱ्या दिवशी तपासनिसाचं उत्तर आलं: "नऊशे ओळी बदलल्यात. तुमच्या तीन आम्ही हुडकत बसायच्या का? नियम वाचा."

फाइल सेव्ह करताना तिच्या कोड लिहायच्या एडिटरने सगळ्या ओळींपुढची मोकळी जागा परस्पर नीट करून टाकली होती, म्हणून प्रत्येक ओळ बदललेली दिसत होती. करायला गेली एक, झालं भलतंच.

तिने पुन्हा फक्त तीन ओळी पाठवल्या. तो म्हणाला, नमुन्याचा रिपोर्ट जोडा. नेमकं तेव्हाच सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन, लॅबमध्ये दोघीजणी रजेवर. बाविसाव्या दिवशी उघडून बघते तो अर्ज बंद.

नवा अर्ज, नव्याने होकाराची वाट. महिना गेला आणि प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. तिच्याच तीन ओळी, तिने वर लिहिलेल्या टिपेसकट. यादीत नाव तपासनिसाचं.

तिने विचारलं. उत्तर आलं: "श्रेय मंजूर अर्जालाच मिळतं. तुमचा बंद होता. चूक सुटली ना, त्यात समाधान माना."

"अगं, चारचौघांत बोंब मार तिथे!" मी म्हटलं.

"बोंब मारायचा नियम कितव्या पानावर आहे, तेवढं सांग."

दोन महिन्यांनी तिला आणखी एक चूक सापडली. तान्ह्या बाळाचं वय दिवसांत लिहिलं तरी प्रोग्राम ते वर्षांत धरायचा. बारा दिवसांच्या बाळाला बारा वर्षांच्या पोराचं मोजमाप. धडधाकट बाळ आजारी ठरायचं, आजारी बाळ धडधाकट. तासाभरात तिने आमच्या कॉम्प्युटरवर दुरुस्ती करून टाकली.

"कळव त्यांना," मी म्हटलं. "बाकीच्या लॅबमध्येही बाळं येतात, बाई."

"येतात," ती म्हणाली आणि पुढची नळी मशीनमध्ये लावली.

मला कोड येत नाही. पण नुसती चूक कळवायला कोड यावा लागत नाही, एवढं मलाही ठाऊक होतं. मीही कळवलं नाही.